तैमूर मोठा की फीमर: हाडाच्या डॉक्टरचं उत्तर

अमळनेरच्या एका विद्यार्थ्याने विचारलंय: "सर, आमच्या होस्टेलवर यमकांचा खेळ चालतो. चिठ्ठी उचलायची, तिच्यात दोन सारखे वाजणारे शब्द असतात. त्यांची तुलना करायची आणि दोघांत मोठा कोण ते पटवून द्यायचं. मला 'तैमूर' आणि 'फीमर' आले. सगळे खो-खो हसले. हरलो तर अख्ख्या मजल्याला शेवभाजी खाऊ घालावी लागेल. तुम्ही हाडांचे डॉक्टर, इतिहासही वाचता असं ऐकलं. काही सुचतं का?"

भाऊ, हसणाऱ्यांना हसू दे. जगातल्या हजार राजांमधून एक राजा आणि माणसाच्या २०६ हाडांमधून एक हाड निवड, असं मला सांगितलं असतं तरी मी हीच जोडी उचलली असती. कारण तैमूरचं, म्हणजे १३९८ मध्ये दिल्ली लुटणाऱ्या समरकंदच्या राज्यकर्त्याचं, फीमर (मांडीचं हाड) लोकांनी कबरीतून बाहेर काढून, हातात धरून पाहिलेलं आहे. जून १९४१ मध्ये सोव्हिएत संशोधकांनी समरकंदला गूर-ए-अमीर या वास्तूतली त्याची कबर उघडली. त्यांच्यात मिखाईल गेरासिमोव होते. कवटीवरून जिवंतपणीचा चेहरा घडवण्यात या माणसाचा हातखंडा. सांगाड्यात उजव्या मांडीचं हाड आणि गुडघ्याची वाटी एकजीव झालेली सापडली. दोघांच्या मधली फट गेलेली, सांधा आखडलेला. तैमूर खरोखर लंगडा होता की शत्रूंनी नाव ठेवलं होतं, हा प्रश्न ५३६ वर्षांनी निकाली निघाला, आणि तो कुठल्या बखरीने नाही काढला, फीमरने काढला.

तेव्हा तुझ्या चिठ्ठीतले दोघं एकाच खड्ड्यात झोपलेले होते, हे आधी मित्रांना सांग. हसू थांबेल.

आता नावांकडे ये. फीमर हा लॅटिन शब्द, अर्थ सरळ: मांडी. आपण मांडीचं हाड म्हणतो, पुस्तकात ऊर्वस्थी लिहितात, आणि धुळ्याच्या माझ्या ओपीडीत तीस वर्षांत ऊर्वस्थी मोडली म्हणून एकही माणूस आलेला नाही. तैमूर हे तुर्की 'तेमूर'चं रूप. त्याचा अर्थ लोखंड. पोराचं नाव लोखंड ठेवलं, पुढे त्याला लोक 'तैमूर-ए-लंग' म्हणू लागले, म्हणजे लंगडं लोखंड. हा फारसी 'लंग' आपल्याला परका वाटत नाही, आपल्या लंगड्याच्या आणि लंगडीच्या खेळातला लंग तोच वाजतो. युरोपवाल्यांनी त्याचं टॅमरलेन केलं.

हे नाव मला पहिल्यांदा उलगडलं तेव्हा मी ऑपरेशन थिएटरच्या बाहेर चहा पीत होतो आणि एकटाच हसलो. मोडलेल्या मांडीच्या हाडात आम्ही रॉड टाकतो. हाड आतून पोकळ असतं, त्या पोकळीतून लांब धातूची सळई घालून दोन्ही तुकडे एका रेषेत धरायचे. सळई स्टीलची, आता टायटॅनियमचीही. म्हणजे नावाचा अर्थ लावला तर आयुष्यभर मी एकच काम करत आलो: फीमरमध्ये तैमूर ठोकणं. ही युक्ती आजच्या रूपात जर्मनीतल्या कील शहरात गेरहार्ड क्युंटशर यांनी १९३९ मध्ये पहिल्यांदा माणसावर वापरली. त्यांच्या नावाचा 'के-नेल' आमच्या पिढीने शिकाऊ असताना शेकड्यांनी पाहिला. इकडे फीमरात लोखंड घालायची विद्या निघाली आणि दोन वर्षांच्या आत तिकडे लोखंड नावाच्या माणसाचं फीमर बाहेर निघालं. योगायोग आहे, त्यात शोधण्यासारखं काही नाही, पण पैजेच्या भाषणात फेकायला बरा आहे.

एक दुरुस्ती मात्र करून घे. तैमूरला सरसकट 'सम्राट' म्हणू नकोस, मजल्यावर इतिहासाचा कुणी असेल तर तो तिथेच पकडेल. त्याने राज्य सम्राटासारखं केलं, पण पदवी घेतली ती अमीर, म्हणजे सरदार. कारण त्या मुलुखात 'खान' व्हायचं तर चंगीजखानाच्या रक्ताचा पाहिजे, आणि तो तसा नव्हता. म्हणून गादीवर चंगीजवंशातला एखादा नावाचा खान बसवायचा आणि कारभार आपण करायचा. १३७० मध्ये त्याने चंगीजवंशातल्या सराय मुल्क खानम हिच्याशी लग्न केलं आणि 'गुरकान' ही पदवी लावायला लागला. गुरकान म्हणजे जावई! अर्ध्या आशियाला धडकी भरवणारा माणूस आपल्या नावापुढे अभिमानाने 'जावई' लिहीत होता. त्याचे वंशज, ज्यांना आपण मोगल म्हणतो, तेसुद्धा स्वतःच्या घराण्याला गुरकानीच म्हणत. म्हणजे आग्र्याच्या तख्तावर पिढ्यानपिढ्या जावईबापूंचं घराणं बसलेलं होतं. खानदेशात जावयाचा थाट काय असतो ते तुला सांगायला नको, पण इतका आपल्याकडेही कुणी ताणलेला नाही.

फीमरला असली उसनी पदवी लागत नाही. ते शरीरातलं सगळ्यात लांब आणि सगळ्यात मजबूत हाड आहे आणि त्यावर कुणाचा वाद नाही. माणसाच्या उंचीचा साधारण चौथा हिस्सा एकट्या फीमरचा. म्हणून सांगाडा अर्धवट मिळाला तरी एवढं एक हाड हाती लागलं की उंचीचा अंदाज निघतो. ट्रॉटर आणि ग्लेसर यांनी १९५२ मध्ये दिलेलं सूत्र आजही शिकवतात: गोऱ्या पुरुषांसाठी फीमरची लांबी सेंटीमीटरमध्ये घ्यायची, २.३८ ने गुणायची आणि ६१.४१ मिळवायचे. ४६ सेंटीमीटरचं हाड धरलं तर उंची १७१ च्या आसपास येते. वंशावंशाप्रमाणे आकडे बदलतात, आपल्या लोकांना ते जसेच्या तसे लावायचे नाहीत. तैमूरची उंची सांगाड्यावरून १७० सेंटीमीटरच्या थोडी वर धरतात. त्याच्या काळातल्या लोकांत तो उंचच दिसत असणार. बरं, पायाच्या हाडावरून उंची काढलेला तो एकटा बादशहा नाही. युरोपातला मध्ययुगीन सम्राट शार्लमेन, त्याच्या नडगीच्या हाडावरून त्याची उंची १८४ सेंटीमीटर काढली आहे, आणि त्याच्या बापाला इतिहासात 'बुटका पेपिन' म्हणतात. पण नडगी ती नडगी. चिठ्ठीत टिबिया आला असता तर यमकाला कोण मिळाला असता कुणास ठाऊक.

आता मुख्य गोष्ट, गुडघा. इथे मी जरा पसरून लिहिणार आहे, कारण हा माझा धंदा.

तैमूरला जखमा झाल्या त्या ऐन तारुण्यात, १३६० च्या दशकात, इराण-अफगाणिस्तान सीमेवरच्या सीस्तान भागात. उजव्या पायाला आणि उजव्या हाताला बाण लागले. गुडघ्याजवळ बाण घुसला की काय होतं ते कल्पनेने सांगायची गरज नाही, कारण आमच्याकडे बाणाऐवजी खिळा येतो, बैलाचं शिंग येतं, चाऱ्याच्या कुट्टी मशिनीचं पातं येतं. सांध्याची पिशवी फाटली आणि आत घाण गेली की पू होतो. पू होणं म्हणजे सांध्याच्या आतल्या गुळगुळीत कुर्च्याला वाळवी लागल्यासारखं आहे. गुळगुळीत थर खाल्ला जातो, खालचं हाड उघडं पडतं, आणि दोन उघडी हाडं महिनोन्महिने एकमेकांना टेकून राहिली की शरीर त्यांना मोडलेलं हाड समजून जोडून टाकतं. आपल्याकडे म्हणतात 'गुडघा धरला'. आज अँटिबायोटिक आहे, सांधा धुऊन काढता येतो, तरीही उशिरा आलेला पेशंट गुडघा घालवून बसतो. १३६० च्या दशकात काय असणार? मध, मलम आणि नशीब. तो वाचला हेच नवल. माझं मत विचारशील तर त्या माणसाचा पहिला मोठा विजय दिल्लीचाही नाही आणि तुर्कस्तानातल्या अंकाराचाही नाही. त्या पायातल्या पुवातून तो जिवंत उठला, तो पहिला.

वाटी हे हाड काही नुसतं गुडघ्याचं झाकण नव्हे. मांडीचा पुढचा मोठा स्नायू वाटीला धरून पाय सरळ करतो, आणि पाय वाकताना-सरळ होताना वाटी फीमरच्या खाचेतून खालीवर घसरते. विहिरीच्या रहाटावरून दोर सरकावा तशी. ही वाटीच फीमरला चिकटली की रहाट जाम, दोर जाम. पाय ज्या कोनात धरला त्याच कोनात जन्मभर राहणार. म्हणूनच मांडीच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशीच आम्ही पेशंटच्या मागे लागतो: वाटी हलवा, वाटी वर ओढा, गुडघा वाकवा. पेशंट म्हणतो, टाके तुटतील. नातेवाईक म्हणतात, साहेब, थोडा आराम करू द्या. सहा आठवड्यांनी तेच लोक म्हणतात, गुडघा का वाकत नाही? मोडलेलं हाड जोडणं सोपं, धरलेला गुडघा सोडवणं महाकठीण. हाडवैद्याकडून कामट्या आवळून दोन महिने घरी पडलेला माणूस आमच्याकडे येतो तेव्हा हाड बहुतेक वेळा जुळलेलं असतं, वाकडंतिकडं का होईना, पण गुडघा गेलेला असतो. पूर्वी आम्हीसुद्धा काही कमी नव्हतो. पायाला वजन लावायचं, म्हणजे दोरीला विटा बांधून पलंगाच्या कडेवरून सोडायच्या, आणि माणूस दोन-तीन महिने आढ्याकडे बघत पडायचा. हाड जुळायचं, गुडघा जाम व्हायचा. माझ्या स्वतःच्या हाताखाली असे गुडघे गेलेत. त्यातले काही चेहरे अजून आठवतात.

गुडघा कुठल्या कोनात धरतो यावर माणसाचं पुढचं आयुष्य ठरतं. काही कारणाने आम्हालाच मुद्दाम गुडघा जोडून टाकावा लागला, तर १० ते १५ अंश वाकवून जोडतो. चालताना पाय उचलून पुढे टाकता यावा एवढाच वाक. पण आपोआप धरलेला गुडघा बहुधा जास्त वाकलेला असतो, कारण दुखऱ्या गुडघ्याला वाकलेलंच बरं वाटतं. पुवाने सुजलेला गुडघा कुणी सरळ करून झोपत नाही, खाली उशी घेऊन वाकवून ठेवतो, आणि तीच उशी घात करते. तैमूरचाही वाकलेलाच धरला होता. असा पाय जमिनीवर टाच टेकू शकत नाही. माणूस चवड्यावर चालतो, कंबर एका बाजूला कलते, पाठ दुखते, दुसरा पाय दुप्पट राबतो. शिवाय त्याचा उजवा हातही कोपरात धरलेला होता. म्हणजे उजव्या हाताने काठी टेकायची सोयही धड नाही.

आता तू विचारशील, असला माणूस ३५ वर्षं घोड्यावर बसून दिल्लीपासून दमास्कसपर्यंत कसा फिरला? आणि इथेच मला सारंगखेड्याचा एक घोडेवाला आठवतो.

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांची यात्रा भरते, तुला माहीत असणार. तिथे घोडे घेणं-विकणं करणारे एक बाबा माझे पेशंट आहेत, शहाद्याकडचे. तरुणपणी विहिरीच्या कामावर दगड पडला, गुडघा उघडा झाला, पिकला, आणि चांगला ५०-६० अंश वाकलेला धरला. चालताना बघितलं तर वाईट वाटतं. दर पावलाला सगळं अंग खाली जाऊन वर येतं. पण घोड्यावर बसवलं की बाबा दुसराच माणूस. रिकिबीत पाय टाकला की गुडघा वाकलेलाच लागतो, तो यांचा आधीच वाकलेला! चढायला तेवढा दुसऱ्याचा खांदा लागतो, एकदा वर गेले की मग घोड्याचे चार पाय त्यांचेच. यात्रेत त्यांना घोडा फिरवताना पाहिलेलं गिऱ्हाईक उतरताना त्यांना बघून चकित होतं.

त्या दिवसापासून मला तैमूरचं कोडं उरलं नाही. त्याचा गुडघा सरळ धरला असता तर चालायला बरा झाला असता, पण खोगिरात तो पाय काठीसारखा बाहेर राहिला असता आणि घोडेस्वारांच्या जगात त्याला कुणी सरदार मानला नसता. वाकलेला धरला म्हणून जमिनीवर लंगडा आणि खोगिरात धडधाकट. हे माझं अनुमान आहे, गेरासिमोवने असं काही लिहिलेलं नाही, पण बाबांना बघून मला त्याची खात्री वाटते. म्हातारपणी मात्र खोगिरातला तो दमही गेला. १४०४ मध्ये स्पेनमधल्या कॅस्टिल राज्याचा राजदूत क्लाविहो त्याच्या दरबारात आला, तेव्हा तैमूर उशांवर टेकून बसलेला होता आणि पापण्या इतक्या लोंबल्या होत्या की समोरचं नीट दिसत नव्हतं.

इतिहासकारांचं म्हणशील तर दोन पार्टी आहेत. शरफुद्दीन अली यझदीने दरबाराच्या बाजूने स्तुती लिहिली. इब्न अरबशाहने उलट लिहिलं, आणि त्याला कारण होतं: दमास्कसच्या लुटीनंतर लहान वयातच त्याला समरकंदला नेलं होतं. हा इब्न अरबशाह सांगतो की तैमूरला बाण लागला तो मेंढ्या चोरताना. लढाई की मेंढ्या, हे फीमर सांगू शकत नाही. एक्स-रेतही दिसत नाही. माझ्याकडे येणारे सगळेच 'बाथरूममध्ये घसरलो' सांगतात, त्यातले निम्मे दुचाकीवरून दारू पिऊन पडलेले असतात. हाड एवढंच सांगतं की इथे मार लागला, इथे पू झाला, आणि यानंतर हा माणूस बरीच वर्षं जगला.

तोडणं आणि बांधणं ही तुलनेची दुसरी मोठी बाजू. हाड म्हणजे मेलेला दगड नव्हे. त्याच्यात एका जातीच्या पेशी जुनं हाड खात असतात आणि दुसऱ्या जातीच्या नवं घालत असतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी असा बदलतो. खाणाऱ्या पेशी आणि बांधणाऱ्या पेशी एकाच जागी, एकमेकींच्या पाठोपाठ काम करतात. तोल राहिला तर हाड घट्ट, खाणाऱ्या वरचढ झाल्या तर म्हातारपणी हाड भुसभुशीत. तैमूरचं राज्यही असंच, फक्त तिथे खायची जागा एक आणि बांधायची दुसरी. १७ डिसेंबर १३९८ ला दिल्लीबाहेर नासिरुद्दीन महमूद तुघलकाचा पराभव केला, शहर लुटलं, कत्तल केली, आणि गवंडी, पाथरवट, कारागीर निवडून समरकंदला नेले. पुढच्याच वर्षी तिकडे बीबी खानमची प्रचंड मशीद उभी राहायला लागली. इकडचं हाड कुरतडून तिकडे भर घालायची. शरीरात असं झालं तर आम्ही त्याला रोग म्हणतो.

आता खानदेश. तैमूरचा पाय, लंगडा किंवा धड, आपल्याकडे कधी पडला नाही. पण त्याची कळ इथपर्यंत आली. शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेर आहे. फिरोजशहा तुघलकाने १३७० मध्ये ही जहागीर मलिक राजाला दिली, दिल्लीची पकड सैल झाल्यावर तो स्वतंत्र झाला, आणि त्याचंच फारुकी घराणं पुढे १६०१ पर्यंत खानदेशावर राहिलं. मलिक राजा वारला १३९९ मध्ये, तैमूरने दिल्ली मोडली त्याच्या पुढच्या वर्षी. त्याच्या मुलाला, नासिरखानाला, दिल्लीकडून कुणी विचारणारंच उरलं नव्हतं. गुजरात आणि माळवा हेही त्याच सुमारास सुटे झाले. मोठं हाड मोडलं की आजूबाजूचे स्नायू तुकड्यांना आपापल्या दिशेने ओढतात, फीमरच्या तुटीत हे रोज बघतो. तुकडे एकावर एक चढतात आणि पाय आखूड होतो. दिल्लीचं तेच झालं. थाळनेरला फारुकींच्या कबरी अजून आहेत, तुझ्या होस्टेलवरून अर्ध्या दिवसात जाऊन येण्यासारख्या. पैज हरलास तरी तिथे जा.

मग दोनशे वर्षांनी तैमूर खरोखर आला, सातव्या पिढीत. अकबर हा त्याच्या वंशातला, तैमूरचा मुलगा मीरानशाह याच्या शाखेतून आलेला. जानेवारी १६०१ मध्ये अशीरगड त्याच्या हाती आला, फारुकी संपले, आणि शाहजादा दानियालच्या नावावरून खानदेशाचं नाव काही काळ दानदेश झालं. पुढे शाहजहान स्वतःला 'साहिब-ए-किरान-ए-सानी' म्हणवून घ्यायचा. साहिब-ए-किरान म्हणजे शुभ ग्रहयोगाचा धनी. पहिला तैमूर, दुसरा मी, असा त्याचा अर्थ. त्याची मुमताज गेली ती आपल्या बुऱ्हाणपूरला, जून १६३१ मध्ये, बाळंतपणात. ताजमहालाच्या आधी तिला तापीकाठीच जागा मिळाली होती.

फीमरची दुखरी जागा कुठली? मान. वरचा गोळा खुब्यात बसतो, आणि गोळा व दांडा यांना जोडणारा तिरका भाग म्हणजे मान. दांड्याशी साधारण १२५ ते १३० अंशांचा कोन करते. या कोनामुळेच पाय मोकळा हलतो आणि याच कोनामुळे म्हातारपणी तिथेच मोडतं. गोळ्याला रक्त पोहोचतं ते मुख्यतः मानेवरून जाणाऱ्या बारीक वाहिन्यांतून. मान मोडली की वाहिन्या तुटतात आणि गोळा आतल्या आत मरतो. दांडा कितीही दणकट असू दे. तैमूरच्या राज्याचा दांडा दणकट होता, मान मात्र नव्हती. चीनवर स्वारी करायला भर हिवाळ्यात निघाला आणि फेब्रुवारी १४०५ मध्ये आजच्या कझाकस्तानातल्या ओतरारला मेला. वारस म्हणून नातू पीर मुहंमद नेमला होता, समरकंद बळकावलं दुसऱ्या नातवाने, खलील सुलतानने, आणि काही वर्षांनी शाहरुख या मुलाने ते काढून घेतलं. शाहरुखचा मुलगा उलुगबेग, ताऱ्यांचा अभ्यास करणारा भला माणूस. त्याला १४४९ मध्ये त्याच्याच मुलाच्या इशाऱ्यावरून मारलं. १९४१ मध्ये त्याच वास्तूत उलुगबेगचाही सांगाडा निघाला, आणि त्याची मान खरोखरच तोडलेली होती.

शापाची गोष्ट कुणीतरी काढेलच. कबर उघडली आणि २२ जून १९४१ ला हिटलरने रशियावर हल्ला केला, म्हणून तैमूरचा शाप लागला, असं सांगतात. हल्ल्याच्या तयारीचा हुकूम हिटलरने डिसेंबर १९४० मध्येच काढला होता. सहा महिने आधी शाप लागत नसतो. पुढे बोल.

मोठा कोण? लांबीत तैमूर, कारण फीमर त्याचा चौथा हिस्सा. टिकण्यात फीमर, कारण अफगाणिस्तानातलं हेरात १५०७ मध्ये उझबेकांकडे गेलं तेव्हा तिकडचं तैमुरी राज्य संपलं, आणि हाड अजून समरकंदला आहे. दुरुस्तीत तर तुलनाच नको. कातडी फाटली तर व्रण राहतो, हाड मात्र हाडानेच जुळतं, आणि लहान मुलाचं मोडलेलं फीमर काही वर्षांनी एक्स-रेत शोधावं लागतं. तरी तू फीमरला मोठं ठरवताना एक कबूल कर की तैमूर नसता तर त्या एका फीमरला कुणी विचारलं नसतं. माझ्या कपाटात शिकवायला ठेवलेलं एक फीमर आहे, चांगलं गुळगुळीत, त्याच्या मालकाचं नाव जगात कुणालाच माहीत नाही.

राहिले सारंगखेड्याचे बाबा. गेल्या पावसाळ्यात पाठ दुखते म्हणून आले होते. मी त्यांना समजावून सांगितलं की आता ऑपरेशनं सुधारली आहेत, धरलेला गुडघाही काही वेळा सोडवता येतो, जमलं तर सांधा बदलू, नाहीच तर पाय चालण्यापुरता सरळ करून पक्का जोडून देऊ, टाच टेकेल. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्या वाकलेल्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सरळ करशात ते मंग घोडावर कसा बठसू?"